कामाकुराच्या एक स्टेशन अलीकडे

कामाकुरा बघायला जाणारे बहुतेक जण एक स्टेशन जास्तच पुढे जातात. टोक्योहून योकोसुका लाइनची गाडी पकडायची, कामाकुराला उतरायचं, बाजारपेठेतल्या गर्दीतून वाट काढायची, मोठ्या बुद्धासमोर फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत. आम्ही त्याच्या अलीकडच्या किता-कामाकुराला उतरलो आणि मुक्कामही तिथेच टाकला. मला विचाराल तर खरं कामाकुरा या रस्त्यावरच आहे, आणि वेळ कमी असेल तर मोठा बुद्ध राहिला तरी चालेल.

मंडळी तीन: मी, सासूबाई आणि नणंद. नणंद टोक्योत निशी-कासाईला राहते. तिकडे खाली उतरलं की कढीपत्ता मिळतो आणि लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतं, त्यामुळे पंधरवडाभर राहूनही आपण जपानात आलोय असं सासूबाईंना फारसं वाटत नव्हतं. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. निघताना त्यांनी अट घातली, "दिवसाला एकच डोंगर." डिसेंबरचा पहिला आठवडा होता. कामाकुराचे मेपल उशिरा रंगतात, ते ऐन भरात होते.

शुक्रवार

टोक्यो स्टेशनात योकोसुका लाइनचे फलाट जमिनीच्या पार पोटात आहेत. सरकते जिने संपतच नाहीत. पण एकदा गाडीत बसलं की तासाभराच्या आत किता-कामाकुरा. लांबलचक फलाट, त्यामानाने एवढंसं स्टेशन, आणि बाहेर पडून चार पावलं टाकली की एंगाकु-जीच्या पायऱ्या.

रेल्वे या देवळाच्या आवारातूनच जाते. १८८९ साली योकोसुकाच्या नौदल तळाकडे लाइन नेताना देवळाची जागा मधून कापली. त्यामुळे पुढचं तळं रुळांच्या एका बाजूला आणि देऊळ दुसऱ्या बाजूला. फाटकाची घंटा वाजते, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची गाडी धडधडत जाते, मग हातातली काठी सावरत एखादे आजोबा रूळ ओलांडून देवदर्शनाला निघतात.

देऊळ १२८२ सालचं. त्याआधी १२७४ आणि १२८१ अशा दोन वेळा मंगोल फौजा समुद्रातून जपानवर चालून आल्या होत्या. तेव्हा सत्ता कामाकुरात होती. शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, नुसता नावाला, कारभार होजो घराण्याकडे; आपल्याकडचं सातारा आणि पुणे आठवा, म्हणजे चटकन कळेल. कारभारी होता होजो तोकिमुने. त्याने मुगाकु सोगेन या चिनी भिक्षूला बोलावून हे झेन देऊळ उभं केलं, ते युद्धात मेलेल्यांसाठी. आपल्या आणि शत्रूच्याही. हे वाचून सासूबाई पाटीसमोर जरा थांबल्या. "शत्रूच्यासुद्धा?" त्यांनी नणंदेकडून दोनदा खात्री करून घेतली.

या पहिल्याच देवळात एक खूण दिसली, ती पुढे सगळीकडे भेटत राहिली. खाली दोन आणि त्यांवर एक असे तीन त्रिकोण. होजोंचं हे चिन्ह कौलांवर, पडद्यांवर, दिव्यांवर असतं. कथा अशी की घराण्याच्या मूळ पुरुषाला एनोशिमा बेटावर देवी प्रसन्न झाली आणि जाताना ड्रॅगनचे तीन खवले ठेवून गेली. देवी कोण, तर बेन्तेन. म्हणजे आपली सरस्वती; चीनमार्गे इथे आली, वीणेच्या जागी हातात बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं. एंगाकु-जीच्या उजव्या अंगाला उभा जिना चढून गेलं की १३०१ सालची प्रचंड घंटा आहे, माणसाहून बरीच उंच. ती ओतताना काम सारखं बिघडत होतं, मग तोकिमुनेच्या मुलाने एनोशिमाच्या देवीला साकडं घातलं आणि घंटा साधली, असं सांगतात. म्हणून शेजारी बेन्तेनचं छोटं देऊळ. दिवसाचा एकमेव डोंगर सासूबाईंनी या जिन्यावर खर्च केला. वर पोचल्यावर चपला काढून "या कुन्देन्दु" पूर्ण म्हटलं, आणि थंड दगडावरून उड्या मारत परत चपला घातल्या.

आवारातल्या दफनभूमीत चित्रपट दिग्दर्शक ओझू यांची कबर आहे. नाव नाही, फक्त 'मु' (काहीच नाही, शून्य) हे एक अक्षर, आणि पुढ्यात चाहत्यांनी ठेवलेल्या साकेच्या बाटल्या. इथलाच एक महंत, शाकु सोएन, १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेला होता. होय, विवेकानंदांच्याच परिषदेला.

थोडं कामाचं: डिसेंबर ते फेब्रुवारी एंगाकु-जी चार वाजता बंद होतं आणि साडेचारला सूर्य मावळतो. सकाळी साडेआठला उघडतं, तेव्हाच पोचा. प्रवेशाला मोठ्या देवळांत ५०० येन. रोख ठेवा. कार्ड गाडीला चालतं, देवळाच्या खिडकीवर चालेलच असं नाही.

रुळ आणि मोठा रस्ता ओलांडला की तोकेइ-जी. तोकिमुने १२८४ साली, जेमतेम बत्तीस वर्षांचा असताना गेला. त्याची बायको संन्यासिनी झाली, काकुसान-नी, आणि दुसऱ्या वर्षी तिने नवऱ्याच्या देवळासमोरच हा मठ काढला. पुढे सहाशे वर्षं इथे बायकाच राहिल्या, आणि तो ओळखला जाऊ लागला तो काडीमोडाचं देऊळ म्हणून. त्या काळी नवऱ्याने साडेतीन ओळींची चिठ्ठी लिहून दिली तरच काडीमोड. बाईला तो हक्क नाही. पण ती पळून या दारात आली, की नवऱ्याला आत पाऊल टाकता येत नसे. मागे माणसं लागली असतील तर पायातलं पायताण आवारात भिरकावलं तरी ती आत आली असं धरत. मग मठाचे कारभारी दोन्हीकडच्यांना बोलावत, समेटाचा प्रयत्न होई, बरेचदा नवरा मुकाट्याने चिठ्ठी देई. नाहीच दिली तर मठात तीन वर्षं, नंतरच्या काळात दोन, राहिलं की बाई मोकळी. १८७३ मध्ये बायकांना कायद्यानेच काडीमोड मागायचा हक्क मिळाला.

दारापाशी पानं झाडणाऱ्या एक आजी होत्या. नणंदेने त्यांना बोलतं केलं. लहानपणापासून इथेच राहतात. वडील रात्री पिऊन उशिरा आले की त्यांची आई एवढंच म्हणायची, "तोकेइ-जी इथून सहा मिनिटांवर आहे." सासूबाईंना हे भाषांतर करून सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की आजीही झाडू सोडून हसायला लागल्या. थोड्या वेळाने चालता चालता सासूबाई म्हणाल्या, "तीन वर्षं नुसतं झाडलोट आणि वाचन? स्वयंपाक नाही? आमच्या पिढीतल्या निम्म्या आल्या असत्या, काडीमोड नको असला तरी." मी आणि नणंदेने एकमेकींकडे पाहिलं नाही.

आत फोटो काढू नका अशी विनंती आहे, ती पाळा. मागच्या दफनभूमीत देवदारांखाली शाकु सोएन आणि त्याचा शिष्य, झेन इंग्रजीत नेणारे सुझुकी, अशा दोघांच्याही कबरी आहेत.

मुक्काम एका जुन्या लाकडी घरात होता. घरमालकीण बाईंनी कोतात्सु, म्हणजे खाली हीटर असलेलं बैठं मेज, तापवून ठेवलं होतं. पाय आत सरकवून वर रजई ओढली की उठवत नाही. गुडघेवाल्यांनी मात्र आधीच खुर्ची आणि जाड गादी मागून घ्यावी. जमिनीवरच्या फुतोनवरून उठणं सोपं नाही. आणि संध्याकाळी सहानंतर किता-कामाकुरात खायचे वांधे. आम्ही निशी-कासाईहून तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. बाईंनी एक चाखली, ओव्याचा वास घेतला, आणि घरात जाऊन दोरीला टांगून वाळवलेले पर्सिमन घेऊन आल्या. वर साखरेची पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, ती फळाचीच साखर. आतून खारकेपेक्षा मऊ.

शनिवार

मेइगेत्सु-इन या देवळात जूनमध्ये हायड्रेंजियासाठी रांगा लागतात. डिसेंबरमध्ये सकाळी नऊला आम्ही धरून पाचसात माणसं होती. मुख्य खोलीत एक मोठी गोल खिडकी आहे आणि तिच्यातून मागची बाग दिसते. बहुतेक वर्षभर बंद असलेली ही बाग पानं रंगतात तेव्हा थोडे दिवस उघडतात, वेगळे पैसे घेऊन. पैसे द्यावेत. आवारात होजो तोकियोरीची समाधी आहे. हा तोकिमुनेचा बाप. इथे डोक्यात चित्र जुळायला लागलं: या एका रस्त्यावर बाप, मुलगा आणि सून. जोची-जी हे आणखी एक देऊळ तोकिमुनेच्या भावासाठी.

बापाचं मोठं काम म्हणजे केन्चो-जी, १२५३. रांकेइ दोर्यु या चिनी भिक्षूला आणून बांधलेलं, कामाकुराच्या पाच मोठ्या झेन देवळांत पहिल्या मानाचं. रांकेइने चीनहून आणलेल्या बियांची जुनिपरची झाडं अजून उभी आहेत, साडेसातशे वर्षांची, खोड पिळवटलेलं, टेकू दिलेले. जागा मात्र पूर्वीची, गुन्हेगारांना मृत्युदंड द्यायची. म्हणून झेन देवळात सहसा दिसतो तसा शाक्यमुनी इथे मुख्य जागी नाही, जिझो आहे, म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, नरकात पडलेल्यांनाही सोडवायला जाणारा. १७७५ सालच्या भव्य दरवाजाबद्दल अशी गोष्ट आहे की देवळाने सांभाळलेल्या एका तानुकीने (रानकुत्र्याच्या जातीचा, रॅकूनसारख्या तोंडाचा प्राणी) भिक्षूचं रूप घेऊन त्यासाठी वर्गणी गोळा केली. "वर्गणी मागायला रूप बदलावं लागतंच," सासूबाई. त्या वीस वर्षं सोसायटीच्या गणपतीच्या खजिनदार होत्या.

धर्मसभागृहात छतावर ढगांतला ड्रॅगन आणि त्याखाली उपास करून हाडांचा सापळा झालेला बुद्ध बसलेला. लाहोरच्या संग्रहालयातल्या गांधार मूर्तीची ही प्रतिकृती, पाकिस्तानची भेट. बरगड्यांवरच्या शिरासुद्धा मोजता येतात. सासूबाई तिथे फार थांबल्या नाहीत.

गोशुइनची खिडकी जवळच होती. देवळोदेवळी वहीत शिक्का-लेखन करून घ्यायची ही पद्धत आहे. तरुण भिक्षूने वही उघडून मधली घडी तळव्याने सपाट केली, आधी शेंदरी शिक्के दाबले, प्रत्येक वेळी शिक्क्यावर अंगभर भार टाकून. मग जाड कुंचला शाईत बुडवून वाटीच्या कडेला दोनदा निथळला. पहिली रेघ ओली चमकणारी काळी, शेवटच्या अक्षरापर्यंत शाई संपत येऊन केसांच्या रेषा दिसायला लागलेल्या. पुन्हा बुडवला नाही. मग वर टीपकागद ठेवून वही दोन्ही हातांनी परत दिली. वही कुठल्याही मोठ्या देवळात मिळते.

केन्चो-जीच्या नावावर एक सूप सांगतात, केन्चिन-जिरु. मुळा, गाजर, गोबो नावाचं लांब काटकुळं मूळ, अळकुड्या आणि चुरडलेलं तोफू तिळाच्या तेलात परतून मग पाणी. एका शिकाऊ भिक्षूच्या हातून तोफू जमिनीवर पडलं, गुरूंनी ते धुऊन सूपात टाकलं, तेव्हापासून चुरडलेलं, अशी कथा. त्या गारठ्यात वाफाळलेला वाडगा दोन्ही हातांत धरणं हेच निम्मं जेवण. अळकुड्या सासूबाईंनी आमच्याही वाडग्यातून उचलल्या.

शाकाहारींनी इथे सावध राहावं. केन्चिन-जिरु मुळात शाकाहारी, पण बऱ्याच दुकानांत पाणी कात्सुओचं, म्हणजे वाळवलेल्या माशाचं असतं. "मांस नको" सांगून भागत नाही, कारण मासा त्यात धरत नाहीत. "कात्सुओ-दाशी नाशी दे ओनेगाइ शिमासु" हे वाक्य फोनमध्ये जपानी लिपीत लिहून ठेवा. खात्रीचं हवं असेल तर शोजिन-र्योरी, म्हणजे मठाचं जेवण, देणाऱ्या जागी आधी नोंदणी करा. तिथे पाणी कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळिंबी) यांचं असतं. महाग आहे, पण एकदा जेवण्यासारखं.

जेवणानंतर सासूबाई उन्हातल्या बाकावर बसल्या आणि मी केन्चो-जीच्या मागच्या हान्सोबो या देवस्थानाला चढले. शेवटच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना पंख आणि चोची असलेल्या तेंगुंचे, म्हणजे दंतकथेतल्या डोंगरी जीवांचे, पुतळे खडकावर उभे. वरून सागामीचा उपसागर आणि, हवा कोरडी असल्याने, फुजी. नुसती बाह्यरेषा नाही, बर्फासकट. खाली आले तर सासूबाईंच्या शेजारी एक जपानी आजी बसलेल्या, दोघींच्या मध्ये संत्र्यांची सालं, आणि दोघी वर बोट दाखवत होत्या. झाडावर कुत्रा भुंकल्यासारखा आवाज करणारी खार होती. या खारी मूळच्या तैवानच्या. इथे सुटल्या आणि माजल्या. दोघींना एकमेकींची भाषा शून्य, पण खार घरात शिरून काय काय नेते यावर एकमत झालेलं दिसलं.

परतीला कामेगायात्सुची खिंड धरली. कामाकुराच्या तीन बाजूंना डोंगर, चौथीला समुद्र, आणि आत यायला डोंगर कापून केलेल्या सात वाटा; त्यांतली ही एक. गाड्यांना बंदी. मऊ खडकाच्या भिंतींवर नेचे आणि शेवाळ. मधूनच खडकात कोरलेल्या चौकोनी खोल्या लागतात, त्या समाध्या. एका घरगुती दफनभूमीत कबरींमागे लाकडी उंच पट्ट्या होत्या, आणि त्यांच्या माथ्यावर सिद्धं लिपीत संस्कृत बीजाक्षरं: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. सगळी आपल्याला वाचता येत नाहीत, पण वळण ओळखीचं वाटून पाय थबकतात.

खिंड उतरून जुफुकु-जी. हे १२०० सालचं, होजो मासाकोने बांधलेलं. पहिल्या शोगुनची, योरितोमोची बायको. नवऱ्यामागे राज्य चालवणारी, आणि होजोंच्या हाती सत्ता आली ती हिच्यामुळे. इथला पहिला महंत एइसाइ. १२१४ साली मासाकोचा मुलगा, तिसरा शोगुन, आदल्या रात्रीच्या दारूने डोकं धरून बसला होता, तेव्हा एइसाइने त्याला चहा पाजला आणि सोबत चहाच्या गुणांवर लिहिलेला आपला ग्रंथही दिला. देवळाच्या आत जाता येत नाही, फक्त दगडी पायवाट बघायची. तेवढ्यासाठीही यावं.

रविवार

जोची-जीच्या बाजूने निघणारी जंगलवाट मी एकटीने केली. मुळांच्या पायऱ्या, पाऊस पडून गेलेला असेल तर निसरडं. चांगले बूट हवेत. त्या दोघी गाडीने कामाकुराला जाऊन टॅक्सीने वर आल्या. भेटलो झेनिआराइ बेन्तेनला. खडकातल्या बोगद्यातून आत शिरायचं, मग चहूकडून कडे असलेलं अंगण आणि गुहेत झरा. या पाण्यात पैसे धुतले की वाढतात. बांबूच्या टोपलीत नाणी ठेवून डावाने पाणी घालायचं. सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं, आणि पाकिटातून हजार येनची नोट काढली. "सरस्वतीकडे पैसे मागायचे? लक्ष्मीला काय वाटेल," असं म्हणत दोन्ही बाजूंनी नीट धुतली, रुमालात टिपली.

मोठा बुद्ध अर्थात पाहिलाच. कोतोकु-इनमधली ही ब्राँझची मूर्ती १२५२ मध्ये सुरू झाली, चौथरा सोडून ११.३ मीटर, १२१ टन. भोवतीचं लाकडी देऊळ वादळांत आणि लाटेत गेलं, तेव्हापासून बुद्ध उघड्यावर. ५० येन देऊन पोटात शिरता येतं. पण शाळांच्या सहलींची एवढी झुंबड होती की मला आवारातली जयवर्धने यांची शिळाच जास्त लक्षात राहिली. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता परिषदेत सिलोनच्या या प्रतिनिधीने जपानकडून भरपाई नको असं सांगितलं, आणि धम्मपदातलं वचन उच्चारलं: वैराने वैर शमत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांत हे वाक्य भिंतीवर असतं.

कामाकुरा स्टेशनापासून पंधरा मिनिटांवर, घरांच्या मागे, कुंपण घातलेली गवताची एक मोकळी जागा आहे. तोशो-जीची. १३३३ साली नित्ता योशिसादा हा सेनापती होजोंविरुद्ध कामाकुरावर चालून आला. खिंडींतून त्याला आत येता येईना, तेव्हा ओहोटीच्या वेळी किनाऱ्याने इनामुरागासाकीचं टोक वळसा घालून तो शिरला. होजो आपल्या घराण्याच्या या देवळात जमले, देवळाला आग लावली आणि आठशेहून जास्त माणसांनी पोटं फाडून घेतली. उत्खननात तीन त्रिकोणांची कौलं निघाली आहेत. तिथे तिकीट नाही, दुकान नाही, बसायला बाकही नाही. शुक्रवारपासून ज्यांच्या घरी आपण हिंडतोय त्यांचं काय झालं हे इथे आल्याशिवाय कळत नाही, म्हणून यादीत ठेवा, आणि शेवटीच ठेवा.

काही उरलेल्या गोष्टी. शनिवार-रविवारी दुपारनंतर एनोदेनच्या छोट्या गाडीला उभं राहायलाही जागा नसते. मोठ्या बुद्धाजवळच्या हासेहून कामाकुरा स्टेशनपर्यंत चालत अर्धा तास लागतो, तेच बरं. समुद्राकाठी उघड्यावर खाऊ नका, घारी हातातून नेतात. कचऱ्याचे डबे कुठेच नाहीत, पिशवी जवळ ठेवा. सारखे बूट काढावे लागतात आणि लाकडी फरशी बर्फासारखी असते, तेव्हा जाड मोजे, भोकं नसलेले. झाझेनला, म्हणजे झेन ध्यानाला, बसायचं असेल तर एंगाकु-जी आणि केन्चो-जी दोन्हीकडे बाहेरच्या लोकांसाठी बैठका होतात. वेळ आधी बघून घ्या, आणि मांडी घालता येत असल्याने आपल्याला जपान्यांपेक्षा सोपं जाईल असं समजू नका.

धुतलेले पैसे खर्च केले तरच वाढतात, असं नणंदेने परतताना स्टेशनात सांगितलं. सासूबाईंनी ते मनावर घेतलं आणि त्या नोटेचे कबुतराच्या आकाराचे लोण्याचे बिस्किट घेतले, सोसायटीतल्या बायकांसाठी. त्यातले दोन योकोहामा यायच्या आत संपले.